ऐनाच्या पानावर आंब्याची अळी

प्रिय कुमुदिनी,

दोन वर्षांनी माझं पाकीट आलंय म्हटल्यावर तुझ्या कपाळावर आठी पडेल, हे मला इथे खरवईत बसून कळतंय. पडू दे. बाजूला ठेवायचं तर संध्याकाळपर्यंत ठेव, चहा घे, पण परत पाठवू नकोस. गुरुवारपासून मी ठिकाणावर नाही. काल दूध गॅसवर ठेवून गॅलरीत उभी राहिले, ते करपल्याचा वास शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेला, आणि शेजारीण दार वाजवून म्हणाली, मॅडम, सब ठीक है ना. मी हो म्हटलं. काही ठीक नाही. अळ्यांच्या मोजणीच्या यादीतून तुझ्या अकराही वर्षांच्या नोंदी काढून टाकायचं चाललं होतं, आणि तेही माझ्या तक्रारीवरून, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. तीस तारखेला ती यादी पक्की होणार आहे. तक्रार मी शुद्धीत केली होती, खात्रीने केली होती, आणि ती चुकीची होती, हे मला गुरुवारी दुपारी साडेबाराला कळलं. तेव्हापासून मी स्वतःशीच बोलत फिरते आहे, आणि तुला माहीत आहे, स्वतःचं ऐकून घ्यायची मला सवय नाही.

अंबरनाथच्या शाळेतला तो दिवस आठवतो का तुला? मी विज्ञान शिकवायचे, तू शिवण. आठवीतल्या एका मुलीने कंपास पेटीत एक भलीमोठी हिरवी अळी आणली होती, आणि अख्खा वर्ग बाकांवर चढला होता. मी मोठ्या ऐटीत पुस्तक काढून चित्रं चाळत बसले. तू गळ्यात टेप अडकवून दारातून आलीस, अळीकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस, पेटीतलं अर्धं खाल्लेलं पान उचललंस, उलटं केलंस आणि म्हणालीस, ऐनाचं पान आहे, म्हणजे कोशाची अळी, आमच्या वांगणीला ऐनावर असतात. मला राग आला होता. विज्ञानाची बाई मी, आणि सांगतेय शिवणाची बाई. नंतर पुस्तकात सापडली तीच, टसर. तुला मी ते आठवडाभर सांगितलं नाही. असा माझा स्वभाव, तेव्हाही.

तिथून आपलं सुरू झालं. पान तुझं, अळी माझी. पुढे मोठ्या पतंगांच्या अळ्यांची मोजणी निघाली, सप्टेंबर-ऑक्टोबरचे सगळे रविवार, आणि बदलापूरपासून बारवीच्या डोंगरापर्यंतचा पट्टा आपल्या दोघींकडे आला. नवीन येणाऱ्यांना तू एकच शिकवायचीस, आधी झाड विचारा, मग अळीकडे बघा. ऐनावर, अर्जुनावर टसर असते, जाड, हिरवीगार, बाजूने पिवळी रेघ आणि अंगावर चांदीचे ठिपके. शिमटीच्या झाडावर चांद, म्हणजे मून मॉथची अळी, तीही हिरवीच पण फिकट, पाठीवर पिवळ्या गाठी आणि गाठींतून केस. आणि आंब्या-काजूवर आपल्या झिपऱ्या, तांबड्या-काळ्या, पांढऱ्या केसांच्या, एका फांदीला शंभर लगडलेल्या. पोरं हिरव्या अळ्यांत गोंधळायची, टसरला चांद म्हणायची, तेव्हा तू पानाच्या पाठीवर, देठाजवळ त्यांचं बोट नेऊन ठेवायचीस. ऐन असेल तर तिथे दोन बारीक गाठी लागतात. बोटाला कळतं, डोळ्याला उशिरा कळतं, असं म्हणायचीस. मला वाटायचं, बाई शिवणाची, तिला बोटांचं कौतुक.

आता जे घडलं ते पुन्हा सांगते. तुला पाठ असेल, पण मला ते माझ्या तोंडून एकदा सरळ सांगायचं आहे. शेवटच्या तीन वर्षांत तुझ्या वह्या बदलल्या. आधीच्या वह्या कशा होत्या, चिखलाचे डाग, खाडाखोड, कधी पावसाने पसरलेली शाई. नंतरच्या स्वच्छ. एकच पेन, एकसारखं अक्षर, आणि ते अक्षर तुझं नाही. तू पट्टाही वाटून मागितलास. नदीकडची बेलवलीची बाजू मला दिलीस आणि जांभूळ गावाच्या पुढची, लांबची, चढाची बाजू स्वतःकडे घेतलीस. मी म्हटलं, अगं साठी उलटली, गुडघे आहेत का तुझे. तू हसलीस. माझ्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळायला लागला, की बाईसाहेब जातच नसणार. घरी बसून कुणाकडून तरी वही भरून घेत असणार.

मग तो ऑक्टोबरातला रविवार. चाळीस माणसं, त्यात निम्मी कॉलेजची, गळ्यात कॅमेरे. त्यातल्या विनीतने ऐनाची डहाळी तुझ्यापुढे धरली आणि विचारलं, मॅडम, ही कोणती? तू पान हातात घेतलंस, उलटं केलंस, बोट फिरवलंस आणि शांतपणे म्हणालीस, टसर. पानावर बसली होती झिपरी. तांबडी, केसाळ, आंधळ्यालाही दिसेल अशी. हे शब्द मी तेव्हा मनात म्हटले होते कुमुद, आणि आज लिहिताना हात थांबला. पोरं हसली. आणि मी, तीन वर्षं साठवलेलं सगळं घेऊन, मोठ्याने म्हणाले की हिला हिरवी आणि तांबडी कळत नाही, कारण ही येतच नाही, कुमुदिनीबाई घरी बसून वह्या भरतात. तू वही माझ्या हातात दिलीस, ओढणी सारखी केलीस आणि रस्त्याच्या दिशेने निघालीस. एका पोरीने तुझा हात धरला, तेव्हा मला वाटलं, नाटक. त्याच आठवड्यात मी मोजणी घेणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं. पुढे तुझ्या राजेशने उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात जागा घेतली आणि तुम्ही बेलवली सोडलीत, हेही मला वाण्याकडून कळलं.

यंदा यादी नव्याने तपासायचं निघालं. आता सगळं जिज्ञासा बघते, ती आपल्या शाळेतली बारीकशी, वेण्यांची मुलगी, तिनेच नंतर पतंगांवर शिक्षण केलं. तिने मला लिहिलं की अकरा वर्षांच्या नोंदी नुसत्या एकीच्या सांगण्यावरून काढता येणार नाहीत, दुसरा साक्षीदार लागेल. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना. तानी आहे. तिच्या वाडीवरूनच तू डोंगर चढायचीस, निदान तसं वहीत लिहायचीस. ती सांगेल की बाई आलीच नाही, मी तिचं म्हणणं लिहून घेईन, अंगठा घेईन, संपलं. तुझ्याविरुद्ध पुरावा गोळा करायला गेले होते मी गुरुवारी, पिशवीत शाईचा पॅड घेऊन. हे ऐकून तुला माझी किळस आली तर मी समजून घेईन.

तानी भाताच्या बांधावर होती. सासू बनूबाई पडवीत बसून नाचणी पाखडत होती. मी विचारलं, कुमुदिनीबाई रविवारी येत होत्या का गं? तानी म्हणाली, येत होती ना, दर रविवारी, पाऊस असो काय असो. मी म्हटलं, खोटं सांगू नकोस. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी वेडी आहे. मग हसत म्हणाली, बाई, मी तिचा हात धरून न्यायची, मी खोटं कशाला सांगू. मी विचारलं, हात कशाला? आणि ती म्हणाली, तिला दिसत नाय ना. कडेकडेनं जरा उजेड कळतो, मधी काय नाय. तुला म्हायीत नाय? तू तर तिची मैतरीन.

मी पडवीच्या कडेला बसले. बनूबाईने पाणी आणून दिलं. तानी आपली सांगत होती, अगदी साधेपणाने, जसं कुणी गाईचं सांगतं. रिक्षातून उतरलीस की तू काठीचं एक टोक धरायचीस, दुसरं तिच्याकडे. झाडाखाली गेलात की तू आधी गप्प उभी राहायचीस, वाळक्या पानांवर वरून लेंड्या पडल्याचा टपटप आवाज येतो का ते ऐकायचीस. मग वाकून त्या लेंड्या चिमटीत घ्यायचीस. मोठ्या, खाचांच्या असल्या की अळी मोठी, कोशाला टेकलेली. मग पान चुरगाळून वास घ्यायचीस, झाड पक्कं करायचीस, आणि सगळ्यात शेवटी तानीला म्हणायचीस, आता तू रंग सांग. त्या चाळीस जणांच्या रविवारी तानीच्या शेतात कापणी लागली होती. तिने मला विचारलं, त्या दिशी तिच्या संगती कोन होतं? मी होते, म्हटलं.

घरी येऊन तुझ्या सुनेला, तेजस्वीला, फोन लावला. तिचा नंबर माझ्याकडे होता, दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायची बिचारी, मी उत्तर द्यायचे नाही. ती म्हणाली, मावशी, आईंनी शपथ घातली होती, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून. काचबिंदू, पाच वर्षांपूर्वी कळला, तोवर डावा डोळा गेलाच होता, उजवा थेंबांवर रोखून धरलेला. मी विचारलं, मलाच का नाही सांगितलं? आणि तिने जे सांगितलं ते ऐकून मी फोन टेबलावर ठेवला आणि उठून खिडकीपाशी गेले. पलीकडून तिचं हॅलो, हॅलो चालू होतं. आपल्या मोजणीला येणाऱ्या जयदेव सरांची गोष्ट, कुमुद. मोतीबिंदूचे डोळे घेऊन आले होते आणि वाळकं पान दाखवून म्हणाले होते, हा बघा पतंग. परतीच्या वाटेवर मी तुला म्हटलं होतं, दिसत नसेल तर माणसाने घरी बसावं, रानात लुडबुड कशाला करायची, नोंदी नासतात. हसत म्हटलं होतं. मला ते आठवतही नव्हतं. तुझ्या हातात डॉक्टरचा कागद येऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

आता एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहते आहे आणि मला झोडपते आहे. माझ्या झोळीचा पट्टा धरून चालायचीस, मी ओरडायचे, ओढू नकोस गं, खांदा दुखतो. सुईत दोरा ओवून दे म्हणून माझ्यापुढे धरलीस, शिवणाच्या बाईने, आणि मी तुझी टिंगल केली, की निवृत्त झालीस म्हणजे सगळंच सोडलंस का. चहा ओतताना कपाच्या काठाला बोट लावायचीस, मी म्हटलं, काय ही घाणेरडी सवय. मी अळीच्या पाठीवरचे केस मोजणारी बाई आहे. पानावर बसलेली, पानाच्याच रंगाची अळी मला दहा फुटांवरून दिसते, आणि या डोळ्यांची मी घमेंड बाळगते. तू माझ्या शेजारून तीन वर्षं अशी चाललीस आणि मला तू दिसली नाहीस.

तेजस्वीने शुक्रवारी मला तुझी रेकॉर्डिंग पाठवली. तू डोंगरावर फोनमध्ये बोलायचीस आणि रविवारी संध्याकाळी तेजस्वी ते ऐकून वहीत उतरवायची, म्हणून ते स्वच्छ अक्षर, एकच पेन. एकेचाळीस आहेत, काही रविवारच्या दोन-दोन. मी शुक्रवारी दुपारी ऐकायला बसले ते दिवे लागले तेव्हा उठले. तारीख, वेळ, झाड, मग तुझा आवाज, तानी, रंग सांग. आणि तानीचा आवाज, हिरवी हाय, बाजूनं पिवळा दोरा, आनि आरशाच्या टिकल्या लावल्यावानी. मधे तुम्हा दोघींचं चालणं, धापा, कुठेतरी भारद्वाज, आणि एकदा अगदी स्पष्ट, पानांवर टपटप. मी तुझी एकूण एक नोंद वहीशी ताडून पाहिली. एकही चूक नाही. एका ठिकाणी मात्र मी लाल पेनने तुझी नोंद खोडली होती, शिमटीवर छोट्या तांबड्या अळ्या, चांद, असं तू लिहिलं होतंस आणि मी वर लिहिलं होतं, अशक्य, चांद हिरवी असते. कुमुद, अंड्यातून निघाल्यावर पहिले काही दिवस ती तांबडीच असते. हे मी मुलांना शिकवते. तुझ्यावरच्या रागात मी माझंच शिकवलेलं विसरले.

विनीतलाही फोन केला. विचारलं, त्या दिवशी ती झिपरी ऐनावर कशी आली होती रे? तो म्हणाला, मॅडम, ती देवळामागच्या आंब्यावर होती, तिथे लाइट बरोबर नव्हता, म्हणून मी उचलून ऐनाच्या डहाळीवर ठेवली, फोटो मस्त आला. त्याच्या आवाजात काही वावगं नव्हतं, त्याला माहीतच नाही त्याने काय केलं. म्हणजे तू बरोबर होतीस. तुझ्या हातात पान ऐनाचं होतं आणि ऐनावरची अळी टसर, अकरा वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं. ज्याला दिसतं त्याने विचारायला हवं होतं, की आंब्याची अळी ऐनावर काय करते आहे. तिथे दिसणारी मी होते. मी ते विचारलं नाही, कारण मला अळी ओळखायची नव्हती, तुला पकडायचं होतं.

तक्रार मी मागे घेतली. जिज्ञासाला सगळं लिहून कळवलं, रेकॉर्डिंग पाठवली, तानीचं म्हणणं पाठवलं. तिचा लगेच फोन आला, पोरगी रडत होती. तुझ्या नोंदी यादीत राहतील, आणि पान, वास, लेंड्या आणि आवाजावरून अळी कशी ओळखायची हे तुझ्याकडून लिहून घ्यायचं म्हणते आहे ती. तानीचं नाव तुझ्या नावाशेजारी घालायला सांगितलंय मी, ते तुला आवडेल असं वाटलं. ग्रुपवरही टाकलं, त्या चाळीसांतले बहुतेक अजून आहेत तिथे. कुणी अंगठे दाखवले, कुणी हात जोडले. जयदेव सरांनी फक्त लिहिलं, वाचलं. त्यांच्या घरी उद्या जाणार आहे.

आता शेवटचं, ज्यासाठी हे पत्र आहे. हे सगळं मी तिथे येऊन सांगू शकले असते. पण मी आले असते तर तू मला बोलूच दिलं नसतंस, जाऊ दे गं म्हणून चहा टाकला असतास. लिहिलेलं मात्र तेजस्वीला तुला वाचून दाखवावं लागेल, राजेश घरात असेल, शेजारचं कुणी बसलेलं असेल. मी तुला बोलले तेही चारचौघांतच. सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात सोनियाच्या बाळंतपणाला मी नाशिकला होते. तीन रविवार. सलग वर्षांची माझी ओळ तुटू नये म्हणून ते तीन रविवार मी लेकीच्या स्वयंपाकघरात बसून भरले, तू पाठवलेला तुझ्या वहीचा फोटो समोर ठेवून, सातच्या जागी नऊ, चारच्या जागी तीन. सलग दहा वर्षांची शाल मला त्या वहीवर मिळाली. आणि तुला ते माहीत होतं. त्यातल्या पहिल्याच रविवारी सकाळी तू नाशिकला फोन करून बाळाचं वजन विचारलं होतंस, आणि महिन्याने माझ्या वहीवर तपासल्याची सही तूच केलीस. त्या दिवशी ऐनाखाली चाळीस माणसांसमोर तुला एवढंच म्हणता आलं असतं, प्रतिभा, नाशिकला अळ्या किती होत्या? तू म्हणाली नाहीस. जे मी केलं होतं तेच मला तुझ्यात दिसलं, दुसरं काही दिसायला माझ्याकडे जागाच नव्हती. जिज्ञासाला हेही कळवलंय, माझे ते तीन रविवार ती काढणार आहे, शाल मी परत केली. तेजस्वी, पुढचं वाक्य हळू वाचू नकोस, दार उघडं असेल तर उघडंच राहू दे. घरी बसून वही भरणारी बाई प्रतिभा आहे, कुमुदिनी नाही.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
प्रतिभा